देहू, लोहगाव आणि मधली बंद जमीन

जानेवारी 2024 मध्ये भारतीय हवाई दलाने मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तीन दिवस हवाई कसरती दाखवल्या. सूर्यकिरण पथकाची विमानं, सारंगची हेलिकॉप्टरं, छत्रीधारी सैनिकांच्या उड्या असा सगळा थाट होता. असा काही कार्यक्रम जाहीर झाला की पिंपरी-चिंचवडकडून चार-पाच मित्रांची टोळी पहाटे गाडी काढते, दुपारपर्यंत समुद्रकाठची जागा धरते आणि रात्री मान अवघडून परतते. हौस मोठी असेल तर हीच मंडळी बंगळुरूही गाठतात. त्यात गैर काही नाही. गंमत एवढीच की निगडीहून जुन्या महामार्गाने मुंबईकडे निघालेली गाडी पहिल्या काही मिनिटांतच देहूरोडवरून जाते. तिथे रस्त्यालगत लष्कराची कुंपणं आहेत आणि आत देशातल्या मोठ्या दारूगोळा कोठारांपैकी एक आहे. त्याकडे गाडीतलं कुणी पाहत नाही, कारण पाहण्यासारखं काही दिसत नाही. लष्कर पाहायला दीडशे किलोमीटर जाणारा माणूस लष्कराच्या कुंपणाला खेटूनच राहत असतो. माझं म्हणणं असं, की या औद्योगिक पट्ट्याचं सैन्याशी आणि विशेषतः हवाई दलाशी असलेलं नातं वर बघून कधी कळणार नाही. ते जमिनीवर लिहिलेलं आहे, आणि एअर शो नावाची प्रथा जन्मल्यापासून माणसाची नजर जमिनीवरून उचलण्याचंच काम करत आली आहे.

या प्रथेचं लष्करी रूप घडलं ते लंडनजवळच्या हेंडनला. 1920 पासून 1937 पर्यंत ब्रिटनचं हवाई दल तिथे दर वर्षी जत्रा भरवत असे. पहिलं महायुद्ध संपलं होतं, खर्चाला कात्री लागली होती, आणि वेगळं हवाई दल हवंच कशाला असा प्रश्न भूदल आणि नौदल उघडपणे विचारत होती. ह्यू ट्रेंचर्ड या हवाई दलप्रमुखाला जनतेचा पाठिंबा हवा होता, आणि तो जमवायला तिकीट लावून दाखवलेल्या कोलांट्यांइतकं स्वस्त साधन दुसरं नव्हतं. जत्रेचा शेवट बहुधा एखाद्या नाट्यप्रवेशाने होई. पूर्वेकडच्या कुठल्याशा कल्पित टोळीवाल्यांचा लाकडी-कापडी किल्ला मैदानात उभारायचा आणि विमानांनी तो बॉम्ब टाकून जाळायचा. त्याच वर्षांत हेच दल इराकमध्ये आणि आपल्या वायव्य सरहद्दीवर खऱ्या गावांवर बॉम्ब टाकत होतं. टाळ्या वाजवणाऱ्याला खालचं गाव दिसू द्यायचं नाही, ही त्या खेळाची पहिली अट होती. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाला त्या पापाचं वाटेकरी करण्याचं कारण नाही. पण रचना तीच उरली. प्रेक्षकाने वर पाहायचं आणि घरी जाताना काहीतरी देऊन जायचं: अंदाजपत्रकाला संमती, भरतीला मुलगा, किंवा निदान अभिमान. आपल्याकडे 1996 साली बिदरला सूर्यकिरण पथक उभं राहिलं आणि त्याच वर्षी बंगळुरूजवळ येलहंकाला पहिलं एअरो इंडिया भरलं. दुसऱ्या ठिकाणी तर मागणं लपवलेलंही नव्हतं, तो सरळ विमानांचा बाजार होता.

पण येलहंकाच का? हा प्रश्न विचारला की गोष्ट पुण्याकडे वळते. हेंडनच्या जत्रेची खेडवळ भावंडं हिंदुस्थानात 1930 च्या आगेमागे फिरत होती. जुनी लष्करी विमानं घेऊन गावोगाव उतरायचं, कसरती करायच्या आणि पैसे घेऊन लोकांना चक्कर मारून आणायची. अशा फिरस्त्यांपैकी एक नेव्हिल विन्सेंट. ब्रिटनच्या हवाई दलात उडालेला हा माणूस एका जोडीदाराबरोबर इथे आला, लोकांना आकाशात फिरवता फिरवता टाटांच्या दारी पोचला, आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपालाचं विमान आणलं तेव्हा पुढचा मद्रासपर्यंतचा पल्ला विन्सेंटने उडवला. एअर इंडियाची ही जन्मकथा सगळ्यांना ठाऊक असते. तिचा पुण्याचा अध्याय मात्र फारसा कुणी सांगत नाही. दुसरं महायुद्ध पेटल्यावर टाटा आणि विन्सेंट यांनी पुण्यात लढाऊ विमानं बांधायचा बेत केला आणि त्यासाठी टाटा एअरक्राफ्ट ही कंपनी निघाली. ब्रिटिश सरकारने आधी होकार दिला, मग विमानांऐवजी सैनिक उतरवायचे ग्लायडर बांधा म्हणून सांगितलं, आणि शेवटी तोही बेत गुंडाळला. जानेवारी 1942 मध्ये इंग्लंडहून परतताना विन्सेंटचं विमान शत्रूने पाडलं, त्यामुळे भांडायला माणूसही उरला नाही. दरम्यान सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली ती बंगळुरूला, कारण म्हैसूर संस्थानाने जागा दिली आणि भांडवलही घातलं. विमानाचा कारखाना तिकडे गेला, आणि पन्नासेक वर्षांनी विमानांची जत्राही त्याच्या मागे गेली.

महायुद्धाने पुण्याला विमानाचा कारखाना दिला नाही. त्याऐवजी दिलं काय, ते नकाशावर शोधावं लागतं. 1939 साली लोहगावला ब्रिटिश हवाई दलाचा तळ उभा राहिला. मुंबईचं रक्षण करायचं, पण समुद्रावरून येणाऱ्या माऱ्यापासून लांब, सह्याद्रीच्या आड बसून, असा त्यामागचा विचार. त्याच युद्धाच्या गरजेतून देहूरोडला रेल्वेलगत लष्करी कोठारं वाढली. घाटमाथा ओलांडला की सपाट जमीन, शेजारी लोहमार्ग, जवळ खडकीचा 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना; कोठारासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. (देहूरोड हे नावही रेल्वेचंच. इथे उतरा, देहूचा रस्ता इथून फुटतो, एवढाच त्याचा अर्थ.) आणि या दोन टोकांच्या मध्ये दिघी. तिथल्या दारूगोळ्याच्या साठ्यामुळे ‘मॅगझिन’ हा शब्द लोकांच्या तोंडी इतका बसला की मॅगझिन चौक हा आता नुसता पत्ता झाला आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी दिघीवरून पुण्याकडे येते, म्हणजे वारकरी दर आषाढात एका दारूगोळा कोठाराच्या हद्दीजवळून टाळ वाजवत जातात.

योगायोग असा की युद्धाने निवडलेली ही दोन्ही टोकं तुकोबांची. देहू हे त्यांचं गाव आणि लोहगाव हे परंपरेने त्यांचं आजोळ, जिथे त्यांची कीर्तनं होत. दोन्हींत सरळ रेषेत वीसेक किलोमीटरचं अंतर आहे. मध्ये तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली, दिघी. ही गावं आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहेत आणि त्यांच्या उत्तरेला चाकणचे कारखाने आहेत. पट्ट्याचा इतिहास सांगणारे साधारण 1954 पासून सुरुवात करतात: पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, भोसरी आणि चिंचवडला भूखंड पडले, 1966 च्या सुमारास टाटांच्या टेल्कोने चिंचवडची इन्व्हेस्टा मशीन टूल्स घेऊन पुण्यात पाय रोवला, बजाज आकुर्डीत आली. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी कारखान्याआधी झाडं लावली आणि तळं केलं, ही आठवणही त्यात येते. सगळं खरं आहे. पण ही गोष्ट मोकळ्या माळावर सुरू होत नाही. कारखान्यांची पहिली पाटी लागली तेव्हा पश्चिमेला देहूरोड, मध्ये दिघी आणि दापोडीचं लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, पूर्वेला लोहगाव अशी या जमिनीची मापं आधीच पडलेली होती. उद्योगाला जागा मिळाली ती या कुंपणांच्या अधेमधे.

त्या मापांचं मूळ आणखी मागे जातं. संरक्षण विभागाच्या बांधकामांभोवती लोकांनी काय बांधावं हे ठरवणारा कायदा 1903 सालचा आहे. त्यात बाहेरची हद्द जास्तीत जास्त 2000 यार्डांची, मधली 1000 ची आणि आतली 500 ची. सगळ्यात आतल्या पट्ट्यात उघडं रेलिंग आणि वाळल्या काटक्यांची वई सोडली तर फारसं काही उभारता येत नाही. आणि अंतर मोजायचं कुठून? तटाच्या बाहेरच्या कडेपासून! म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर किल्ला होता: समोरचं मैदान मोकळं हवं, शत्रूला आडोसा नको, तोफेला नेम धरता यावा. चाकणच्या संग्रामदुर्गाला हे तर्कशास्त्र परकं नव्हतं. 1660 साली शायिस्ताखानाच्या फौजेने तो वेढला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्याने जवळजवळ दोन महिने झुंज दिली. अखेर खानाच्या माणसांनी जमिनीखालून भुयार खणलं आणि सुरुंगाने बुरूज उडवला. भुईकोटाच्या भोवती मोकळी जागा का हवी हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं नसेल. पण विसाव्या शतकाच्या आरंभी तोफेच्या नेमासाठी आखलेली मापं शतकाच्या अखेरीस कामगारवस्तीला लावली गेली, तेव्हा तट राहिला नव्हता, उरले होते फक्त यार्ड.

इथेच दोन सरकारांची गाठ पडली. खरं तर एकाच सरकारच्या दोन हातांची. एक हात माणसं बोलावत होता. मराठवाडा, खानदेश, सातारा-सांगली, पुढे बिहार आणि उत्तर प्रदेश, जिथून म्हणाल तिथून तरुण भोसरी-चिंचवडला आले. 1970 साली नगरपालिका झाली, 1982 साली महापालिका. औद्योगिक वसाहतीत काम मिळालं पण घर मिळालं नाही. नवनगर विकास प्राधिकरणाच्या नीट आखलेल्या पेठा होत्या, त्या सगळ्यांना पुरणाऱ्या नव्हत्या आणि परवडणाऱ्या तर मुळीच नव्हत्या. मग शेतकऱ्याकडून गुंठा-दीड गुंठा घ्यायचा, कागद जमेल तसा करायचा आणि वर पत्रे टाकायचे. तळवडे, रुपीनगर, निगडीचा काही भाग, भोसरी-दिघीची बाजू असं करत वस्ती वाढली. दुसरा हात याच जमिनीवर ‘रेड झोन’ अशी रेघ ओढत होता. घर आहे, वीज आहे, मतदार यादीत नाव आहे. फक्त बांधकाम अधिकृत नाही, कर्ज मिळत नाही, विकायला काढलं तर भाव पडलेला. गंमत पाहा, निगडीच्या सेक्टर 22 मध्ये महापालिकेनेच झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती बांधायला घेतल्या आणि त्याही याच रेघेत अडकल्या. सरकारी यंत्रणेलाच रेघ नीट दिसली नसेल, तर खराद यंत्रावर आठ तास उभं राहणाऱ्या कामगाराला ती दिसायला हवी होती, हे म्हणणं जरा कठीण जातं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. दारूगोळ्याभोवती मोकळी जागा ही चैन नसते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकाइन जहाजाचा स्फोट झाला आणि शेकडो माणसं गेली. गोदीलगतची वस्ती उद्ध्वस्त झाली. 31 मे 2016 च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या कोठाराला आग लागली आणि आग विझवायला गेलेले जवान-अधिकारी धरून डझनाहून अधिक माणसं दगावली. तिथे भोवती वस्ती दाटलेली असती तर आकडा कुठे गेला असता याची कल्पना करवत नाही. तेव्हा रेघ पुसा म्हणणारा नेता लोकांचं भलं करत नाही, त्यांची मतं घेतो. पण धोका खरा आहे एवढं म्हटल्याने त्याची किंमत कुणी भरायची हे ठरत नाही. 1903 च्याच कायद्यात निर्बंधांमुळे होणाऱ्या नुकसानीच्या भरपाईची तरतूद आहे. इंग्रजांच्या कायदेपंडितांनाही एवढं कळत होतं की दुसऱ्याच्या जमिनीचा वापर गोठवला की पैसे मोजावे लागतात. आपल्याकडे रेघेची कडक बाजू तेवढी आठवली आणि उदार बाजू विसरली. शिवाय रेघ वेळेवर, ठळक आणि सातबाऱ्यावर हवी. वस्ती बसून झाल्यावर नकाशा काढणं याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गोड आहे. लोहगावच्या तळामुळेच पुण्याला विमानतळ मिळाला, मग तक्रार कसली? मिळाला, हे खरं. तळाच्या एका कोपऱ्यात प्रवासी विमानांची सोय झाली आणि तिच्यावरच चाकणच्या जर्मन, कोरियन, जपानी कंपन्यांचे साहेब येतात-जातात. मात्र धावपट्टी हवाई दलाची आहे आणि ती सुमारे अडीच किलोमीटरची. जून 1997 मध्ये भारताची पहिली सुखोई विमानं याच तळावर हवाई दलात दाखल झाली, सप्टेंबर 2002 मध्ये त्यांची पुढची, एमकेआय आवृत्तीही इथेच आली. त्यानंतर लोहगाव म्हणजे सुखोई हे समीकरण झालं. वेळा ठरवताना आधी त्यांचा विचार होणार हे उघड आहे आणि योग्यही. ऑक्टोबर 2021 मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी दोन आठवडे एकही प्रवासी विमान उडालं नाही, तेव्हा पाहुणा कोण आणि यजमान कोण हे शहराला कळलं. म्हणूनच उद्योगांनी स्वतंत्र विमानतळाचा धोशा लावला आणि जागा सुचली चाकण-राजगुरुनगरच्या आसपासची. कारखान्यांना ती सोयीची होती. खेडच्या शेतकऱ्याला नव्हती. वर्षानुवर्षं जागा बदलत गेल्या, डोंगरांच्या अडचणी निघाल्या, गावांनी विरोध केला, आणि 2016 साली सरकारने मोहरा पुरंदरकडे वळवला. तिथेही वनपुरी, कुंभारवळण, पारगावची माणसं तेच बोलली जे खेडची बोलली होती. या विरोधाला विकासाचा विरोध म्हणण्याची पद्धत आहे. मला त्यात आठवण दिसते. ज्या तालुक्यांच्या शेजारी एका युद्धासाठी घेतलेली जमीन युद्ध संपून पाऊण शतक उलटलं तरी मोकळी झाली नाही, तिथल्या माणसाने ‘विमान’ हा शब्द ऐकून आधी सातबारा काढून पाहिला तर त्यात नवल ते काय?

तिसरा आक्षेप मनाचा आहे. माणसाने सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर विमानं पाहावीत आणि हरखून जावं, त्यात हा हिशेब कशाला? खरं आहे, नऊ विमानं पंखाला पंख लावून डोक्यावरून जातात तेव्हा अंगावर काटा येतो, आणि तो खोटा नसतो. वैमानिकाचं कौशल्य आणि धोका दोन्ही अस्सल असतात. फेब्रुवारी 2019 मध्ये येलहंकाला सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांवर आदळून एक वैमानिक गेला, नोव्हेंबर 2025 मध्ये दुबईला तेजस कोसळून आणखी एक. पण नुसतं वर पाहायला लावणाऱ्या खेळाची किंमत जमिनीवरही मोजावी लागते. ऑक्टोबर 2024 मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाखोंच्या गर्दीत, उन्हात, पाच प्रेक्षक दगावले. आकाशातलं नियोजन सेकंदाचं आणि खाली प्यायला पाणी नाही! मला हा केवळ त्या दिवसाचा गलथानपणा वाटत नाही. प्रेक्षक जिथे उभा आहे ती जमीन या प्रथेने कधी महत्त्वाची मानलीच नाही.

पट्ट्याला दाखवण्यासारखं काही नाही असं मात्र नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये मोशीच्या प्रदर्शन केंद्रात राज्यातल्या लघु-मध्यम उद्योगांसाठी संरक्षण प्रदर्शन भरलं. जानेवारी 2025 मध्ये सेना दिनाचं संचलन प्रथमच पुण्यात, खडकीला झालं. मोशीत मान वर करावी लागत नव्हती. तिथे पुर्जा टेबलावर असतो, तो कोणत्या धातूचा, किती मायक्रॉनचा हे विचारता येतं, आणि विचारणारा भोसरीचा असेल तर उत्तर देणाऱ्याला घामही फुटतो. टाटा-विन्सेंटचा कारखाना झाला असता तर कदाचित हेच गाव विमानाचं झालं असतं. ते मोटारीचं झालं. पण हात तेच आहेत. जॉब वर्क घेणाऱ्या माणसाला लष्कराशी नातं प्रेक्षक म्हणून नको, कारागीर म्हणून हवं आहे, हे मोशीने दाखवलं. पुढचं पाऊल टाकायचं तर अशा प्रदर्शनात एक दालन जमिनीचंही असावं. कोणत्या साली, कोणत्या गावातली, किती जमीन, कोणत्या कारणासाठी घेतली, भोवती रेघ कुठून कुठवर आहे आणि भरपाई कुणाला किती मिळाली, असं सगळं मराठीत, मोठ्या नकाशावर. त्यात गुपित फुटण्यासारखं काही नाही. ज्या रेघेसाठी लोकांची घरं अडतात ती लोकांपासून लपवण्यात देशाचं कसलंही रक्षण होत नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुण्याच्या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव देण्याचा ठराव केला, लोहगाव हे त्यांचं आजोळ म्हणून. निर्णय चांगला आहे. देश सगळा मीटरमध्ये मोजू लागून साठ वर्षं उलटली. तुकोबांच्या दुसऱ्या टोकाला, देहूच्या बाजूला मात्र कोठाराभोवतीची हद्द सरकारी कागदांत आजही 2000 यार्ड अशीच लिहिली जाते.